गावाचा हुरडा: तारीख धरण्यापासून आगटी विझवण्यापर्यंत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं गावी येतात आणि ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो: ‘चला, एकतीसला हुरडा करू.’ एकतीसला हुरडा बहुतेक वेळा मिळत नाही. मग चिकन होतं, डीजे होतो, आणि बायका, म्हातारी माणसं, लेकरं असं निम्मं गाव आपोआप बाहेर राहतं. ज्यांना शे-सव्वाशे माणसांचा, सगळ्या गल्ल्यांचा, घरच्यांसह हुरडा करायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. परभणी, जालना, हिंगोली, बीडकडचं तालुक्याचं गाव डोळ्यापुढं ठेवलंय. लातूर-धाराशिवकडं येळवशीमुळं (मार्गशीर्ष अमावस्येच्या सणामुळं) गणित जरा वेगळं पडतं, तेही सांगतो.

तारीख पीक ठरवतं

रब्बी ज्वारीची पेरणी आपल्याकडं सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दाणा हुरड्यावर येतो, म्हणजे लवकरची पेर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि मागास पेर जानेवारीच्या शेवटाला. एका वावरात हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. त्या आठ-दहा दिवसांत तुमचा रविवार बसला तर हुरडा, नाहीतर भाकरीची ज्वारी.

पावसाळा लांबला की सगळं मागं सरकतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काळ्या भारी जमिनीला अशा पावसानंतर वाफसा (पेरणीजोगी ओल) यायलाच वेळ लागतो, त्यामुळं असं साल असेल तर डिसेंबरचा हट्ट सोडून द्यावा.

वावरात जाऊन दाणा बघायची रीत सोपी आहे. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढून नखानं दाबायचा. दूध उडालं तर अजून आठवडाभर थांबा. दाणा मऊ आहे, नखाचा व्रण राहतो आणि चावला की गोड लागतो, तर हुरडा तयार आहे. नख रुततच नाही म्हणजे वेळ गेली. वरच्या टोकाचा दाणा बघून अंदाज बांधू नका, कणीस टोकाकडून खाली पिकत येतं.

वाणही विचारून घ्या. हुरड्याला गुळभेंडी, कुचकुची, सुरती ही गावरान नावं जुनी माणसं घेतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ आणि राहुरीच्या विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ हे खास हुरड्याचे वाण आहेत. मालदांडीचाही हुरडा होतो, पण दाणा बोंडातून (वरच्या टरफलातून) सहज सुटत नाही. चोळून चोळून हात भरून येतात आणि ताटात बोंडंच जास्त पडतात. शंभर माणसांच्या कार्यक्रमाला मालदांडी घेऊच नये असं माझं मत.

टाळायच्या तारखा

पीक बघून दोन-तीन तारखा हाताशी आल्या की मगच कॅलेंडर उघडा. सगळ्यात आधी आठवडी बाजाराचा दिवस बाद करा. त्या दिवशी व्यापारी, भाजीवाले, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, कुणीच मोकळं नसतं. २५ डिसेंबरला सुट्टी असते खरी, पण नाताळ ज्यांच्या घरचा सण आहे ती माणसं त्या दिवशी चर्चमध्ये असतात. गावात चार घरं असली तरी ती चार घरं सोडून ‘गावाचा’ कार्यक्रम कसा होईल? १ जानेवारीला बरीच मंडळी भीमा कोरेगावला जातात. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजाकडं गाड्या निघतात, जालन्याकडून तर फारच. १४ जानेवारीला एकीकडं संक्रांत आणि दुसरीकडं नामविस्तार दिन. १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हापासून त्या दिवशी संभाजीनगरला जाणाऱ्या एसट्या भरून जातात. शुक्रवार धरायचा असेल तर दुपारच्या नमाजनंतरची वेळ ठेवा.

नांदेडकडच्यांनी माळेगावची यात्राही बघावी. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून भरते. घोड्यांचा, गाढवांचा बाजार आणि लावणी महोत्सव सोडून तुमच्या हुरड्याला कोण येणार आहे?

लातूर-धाराशिवला मार्गशीर्ष अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी जो तो आपापल्या वावरात असतो. कडब्याची कोप (खोपटं), तिच्यात पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि धुऱ्यावरून (बांधावरून) जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायची रीत. हा मेळावा मुळातच भरलेला असतो, तिथं समिती नेमून कार्यक्रम करायला जाऊ नये. ज्यांना वावर नाही त्या ओळखीच्या घरांना आपल्या कोपीवर बोलवा, एवढंच. तारीख मात्र दरवर्षी हलते: २०२४ मध्ये ३० डिसेंबर होती, २०२५ मध्ये १९ डिसेंबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळं पुढची येळवस थेट २०२७ च्या जानेवारीत जाते. पुण्याहून रजा टाकणाऱ्यांनी पंचांग बघूनच तिकीट काढावं.

एवढं सगळं वगळून उरतं काय? डिसेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार, संक्रांतीनंतरचा रविवार आणि २६ जानेवारी. मला विचाराल तर २६ जानेवारीची दुपार सगळ्यात चांगली. सकाळी झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत आलेलंच असतं, तिथून थेट वावराकडं निघायचं. त्यासाठी मागास पेरलेलं वावर हाताशी पाहिजे.

बीड जिल्ह्यात, विशेषतः धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागात, आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली घरं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. हुरड्याच्या दिवसांत त्या घरांत आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी लेकरं तेवढी असतात. ‘कुटुंबासह या’ असा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण फोन फडावर गेलेला असतो. त्यांना घरी जाऊन सांगा आणि न्यायला गाडी पाठवा.

वावर आणि वावराचा मालक

ज्याच्या वावरात हुरडा करायचा त्याच्याशी व्यवहाराचं आधी बोला. ‘आपलाच माणूस आहे, घेईल समजून’ या वाक्यानं गावोगावचे हुरडे दुसऱ्या वर्षी बंद पडलेत. कणसं मोडली की त्याचं धान्य गेलं, हाती राहतो तो कडबा. पाखरं राखायला सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवलाय तो खर्च वेगळा. पैसे कणसांच्या वजनावर द्यायचे की गुंठ्यावर, हे दोघांनी मिळून ठरवा आणि निम्मे आधी द्या. तो म्हणेल, “काका, पैशाचं काय एवढं, या की तुम्ही.” तरी द्या.

माणशी चार ते सहा कणसं धरा. लेकरं कमी खातात, पण अर्धी खाऊन टाकतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा काढायच्या भानगडीत पडू नका. शंभर माणसांना पाचशे-साडेपाचशे कणसं लागतील. ती त्याच दिवशी सकाळी, दव उडाल्यावर मोडायची. आदल्या दिवशी मोडलेल्या कणसाची गोडी उतरते.

वावर बघायला जाल तेव्हा पीक सोडून या गोष्टी बघा. आखाड्यावर (वावरातल्या गोठ्या-झोपडीच्या जागेवर) सावलीला झाड आहे का आणि त्या झाडावर आग्या मोहोळ आहे का. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. आगटीचा (हुरडा भाजायच्या विस्तवाचा) धूर वर गेला आणि मोहोळ उठलं की पळायला वावर पुरत नाही. मोहोळ दिसलं तर जागाच बदला. ‘धूर तिकडं जाणार नाही’ असं कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका. पोचायला गाडीवाट कशी आहे, म्हाताऱ्या माणसाला शेवटची किती पावलं ढेकळांतून चालावं लागेल, तेही बघून या.

बायकांच्या सोयीचा विचार बहुतेक आयोजक करतच नाहीत. पुरुष धुऱ्याच्या पलीकडं जाऊन येतात. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि तीन वाजले की ‘चला आता घरी’ सुरू होतं. आखाड्यावर संडास असेल असं वावर निवडा, नाहीतर जवळच्या शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. तेही नसेल तर शेडनेटचा आडोसा करून आत पाण्याची टाकी, मग, साबण ठेवा. खर्च फार नाही. बायका निवांत बसल्या तरच मेळावा संध्याकाळपर्यंत टिकतो.

आगटी

शंभर माणसांना एक मोठी आगटी करू नये. एका आगटीभोवती बारा-पंधरा माणसं नीट बसतात, म्हणून सात-आठ छोट्या आगट्या करा, दोन आगट्यांत दहा-बारा पावलांचं अंतर ठेवून. गप्पा या गोलांतच होतात. माणसं एका आगटीवरून उठून दुसरीवर जातात, नव्या ओळखी निघतात, कुणाची सोयरीकही जुळते.

खड्डा वीतभर खोल आणि हातभर रुंद पुरे. तळाला तुराट्या किंवा पऱ्हाट्या, त्यावर वाळलेल्या गोवऱ्या उभ्या रचायच्या. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या पाहिजेत. ओलसर असल्या की नुसता धूर होतो आणि हुरड्याला कडवट वास लागतो. एका आगटीला दुपारभर पंचवीस-तीस गोवऱ्या लागतात. पेटवायला कडब्याचं पान घ्यावं. डिझेल, टायरचा तुकडा, प्लास्टिकची पिशवी यातलं काही आगटीत गेलं की ती आगटी हुरड्याच्या कामाची राहिली नाही असं समजा.

जाळ असताना कणीस घालायचं नाही. जाळ बसून गोवरी लाल झाली, वर राखेची पांढरी साय आली की कणसं विस्तवाच्या कडेला आडवी खुपसायची, देठ बाहेर. दोन-चार मिनिटांत एक बाजू होते, मग देठाला धरून फिरवायचं. बोंडं काळपट होतात, आतला दाणा फुगतो आणि खमंग वास सुटतो. त्या वासावर लक्ष ठेवायचं, घड्याळावर नाही. कणीस बाहेर काढून देठ धरून दगडावर दोनदा आपटलं की राख झडते. गरम असतानाच गोणपाटाच्या तुकड्यात धरून दोन्ही तळव्यांत चोळायचं. गार झालं की दाणा बोंड सोडत नाही. मग ताटात पसरून फुंकर मारायची, किंवा सुपानं पाखडायचं. हिरवागार, वाफाळता दाणा खाली राहतो, आणि तो लगेच समोरच्याच्या हातावर गेला पाहिजे. डब्यात भरून ‘सगळ्यांचं झालं की वाढू’ असलं काही करू नका.

चोळायला सरावाचे हात लागतात. प्रत्येक आगटीवर एक भाजणारा आणि दोन चोळणारे बसवा, आणि त्यांना बदली द्या. नाहीतर तीच माणसं दिवसभर राखेत आणि बाकीचे खाण्यात. वावराच्या मालकिणीला, सालगड्याच्या बायकोला तिथं मजुरीला बसवल्यासारखं बसवू नये. त्यांच्या हाताला कसब आहे म्हणून बोलवायचं असेल तर मजुरी आधी ठरवा आणि पहिला घास त्यांना द्या.

आगटीची जागा कडब्याच्या गंजीपासून, सोयाबीनच्या भुसापासून आणि वाळलेल्या तुरीपासून लांब पाहिजे, वारा वाहतो त्या बाजूला तर यातलं काहीच नको. प्रत्येक दोन आगट्यांमागं पाण्याची एक बादली आणि मातीचं एक घमेलं भरून ठेवा. लेकरांवर डोळा ठेवायला एका माणसाला फक्त तेच काम द्या.

सोबतीला काय

शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, कारळाची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही. यातली एक चटणी कमी तिखट ठेवा, लेकरं आणि आजारी माणसं असतात. शंभर जणांना दही दहा किलो, गूळ पाच किलो, सगळ्या चटण्या मिळून चार किलो पुरतात. हरभऱ्याचे ढाळे, बोरं, ऊस, पेरू वावरात किंवा शेजारच्या मळ्यात मिळाले तर फार छान.

जेवण ठेवायचं तर थोडकंच: भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, ताक. धपाटे आणि दहीही चालतं. हुरड्यावर माणूस दीड भाकरीच्या वर जात नाही, म्हणून शंभर जणांना दीडशे भाकरी, म्हणजे पंधरा किलो पीठ. भाकरीचं काम बचत गटाला द्या, नगावर दर ठरवून. पुरी-भाजी, जिलेबी, पनीर हे आचाऱ्याचं जेवण आणलंत की हुरडा बाजूला राहतो आणि पंगतीची गडबड सुरू होते. हुरड्यावर लगेच गार पाणी पिऊ नये असं घरची माणसं सांगतात, म्हणून ताक भरपूर ठेवा, शंभर जणांना पंचवीस लिटर तरी. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे दहा-बारा जार मागवा. ‘ताट-पेला घरून आणा’ असं सांगितलं तर कचरा निम्मा होतो. लोक नाकं मुरडतात, पण आणतात.

निरोप, वर्गणी, परवानगी

मेसेज छोटा असावा आणि त्यात वावराची खूण असावी. असा काहीतरी:

‘रविवारी दुपारी १२ ते ५ गावाचा हुरडा. जागा: पाझर तलावाच्या अलीकडचा आखाडा, मोठ्या चिंचेपासून उजवीकडं. घरच्यांसह या. वर्गणी माणशी अमुक, लेकरं आणि साठीपुढचे फुकट. ताट, पेला, बसायला सतरंजी आणा. न्यायला ट्रॅक्टर साडेअकराला वेशीपासून निघेल. येणाऱ्यांचा आकडा गुरुवारपर्यंत कळवा.’

ग्रुपवर टाकून भागत नाही. प्रत्येक गल्लीतून एक बाई आणि एक पुरुष निवडा आणि घरोघर तोंडी सांगायला लावा. वर्गणी एकाच्याच फोनवर घ्यावी आणि वहीत नाव-रक्कम लिहावी. पुढाऱ्याची देणगी आणि पुढाऱ्याचा बॅनर यांतलं एकही नको. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर बॅनरनं नसती कटकट मागं लागेल. आचारसंहिता नसली तरी निम्मं गाव ‘तो त्यांचा हुरडा आहे’ म्हणून येणार नाही.

भोंगा लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा नियम आहे. पण दुपारच्या हुरड्याला भोंगा कशाला? शेतीपंपाची लाइट कोणत्या पाळीत आहे ते मालकाला विचारून घ्या, विहिरीचं पाणी लागणार असेल तर टाकी आदल्या पाळीतच भरून ठेवावी लागते.

कार्यक्रम? थोडाच

स्टेज नको. शाल-श्रीफळ नको. सत्कार सुरू झाला की तासभर माणसं खुर्च्यांत अडकतात आणि आगट्या विझतात. जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल तर तिला एका आगटीपाशी बसवा, भोवती आपोआप गर्दी होते. एखाद्याला भारूड येत असेल तर उत्तम. पोरांना विटीदांडू, लगोरी. पतंग उडवायचे असतील तर साधा दोरा, नायलॉन मांजा आणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा. संक्रांतीनंतरचा आणि रथसप्तमीच्या आतला रविवार असेल तर बायका तिथंच हळदीकुंकू उरकतात, बोरन्हाणही होतं. विधवा बायकांना त्यात बोलवायचं की नाही यावर कुजबुज होण्याआधी निरोपातच ‘सगळ्या जणी’ असं लिहा आणि वाण सगळ्यांना सारखं द्या.

उठायची वेळ

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि लगेच गारठा पडतो. पाचला आवरायला घ्या. खरं कारण थंडीचं नाही, रस्त्याचं आहे. गाळप हंगामात उसानं लादलेले ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात दुचाकीवरून लेकरं घेऊन परतणाऱ्यांना ते दिसतच नाहीत. दिवस असतानाच माणसं घरी पोचली पाहिजेत. ट्रॅक्टरमधून नेताय-आणताय तर मागं लाल रेडियम पट्टी लावा आणि ट्रॉलीच्या कडेवर कुणाला बसू देऊ नका.

सगळे गेल्यावर चौघांनी मागं राहायचं. आगटीवर नुसतं पाणी ओतून भागत नाही, गोवरीची राख वरून गार आणि आतून लाल असते. काठीनं उकरून पाणी, पुन्हा उकरून पाणी, मग माती. हात धरून बघा. बोंडं आणि भाकरीचे तुकडे गुरांना, प्लास्टिक परत गावात. बिछायत केंद्राची भांडी वावरातच मोजून घ्या; घरी नेऊन मोजली की दोन पातेली कमी भरतात आणि कुणीच घेतलेली नसतात.

मालकाचे उरलेले पैसे त्याच संध्याकाळी द्या. जमा-खर्चाच्या वहीतल्या पानाचा फोटो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका, शिल्लक असो की तूट. आणि पुढच्या वर्षी हाच रविवार हवा असेल तर मालकाला पोळ्याच्या सुमारास गाठा, हुरड्याच्या वाणाचं बी आणून द्या, आणि वावराचे दोन तुकडे पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरायला सांगा. एक हुकला तर दुसरा हाती राहतो.